फक्त दांडा बसवायचा होता

आलापल्ली,
शनिवार, दुपार

चि. दिव्यानीले रफीककाकाचे भरभरून आशीर्वाद, आणि सुलतानाकाकूचे वेगळे (ती म्हणते माझ्या आशीर्वादात दम नाई, तिचे आपल्या जागी स्वतंत्र लिहावे, म्हणून लिहिले). आम्ही इथी सगळे खुशाल आहोत असं पत्रात लिहायची रीत आहे, तर मीही लिहितो. खुशालीचं खरं काय ते खाली येईलच. तुझी तब्येत कशी आहे? मेसचं वरण अजून तसंच पाणचट आहे काय? अक्कलदाढ काढली की अजून घाबरूनच आहेस? तुझ्या बाबाचा, मुखरूचा गुडघा कसा आहे ते कळव. धानाची चुरणी-मळणी झाली असंल, आता तरी त्याले दोन दिवस बसू द्या म्हणा. भागीरथावहिनीले माझा नमस्कार, आणि त्यांच्या लग्नातल्या पाण्याच्या पितळी गुंडावर मी घातलेलं नाव अजून दिसते काय, तेवढं विचारून ठेव. (दिसतच असंल. गुंड फुटंल, पण मी घातलेलं नाव जाणार नाई. या वाक्यातच सगळा घोळ आहे, पण त्यावर मी हळूहळू येतो.)

तू म्हणशील, काकानं फोन काऊन नाई केला. फोनवर तू हसशील, मले राग येईल, मी फोन ठेवून देईन, अन् सांगायचं ते राहून जाईल. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर ते इकडून तिकडे फिरते, अन् हे प्रकरण फिरवण्यासारखं नाई. कागद बरा, ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात राहते. नागपूर गाडीचा कंडक्टर पोचूभाऊ आपला माणूस आहे, त्याच्याजवळ देतो. (माझ्या लिहिण्यात घरची बोली घुसते, त्याबद्दल माफ कर. तुझ्या बाबाले अन् मले नागभीडच्या एकाच गुरुजींनी शुद्ध लिहायले शिकवलं होतं, पण गुरुजी गेले अन् शुद्धही गेलं.)

तर गोष्ट तुझ्यापासूनच सुरू होते. तुझा दोष नाई, पण सुरू तुझ्यापासून होते. मागच्या बुधवारी सकाळी तू मोबाईलवर तो फॉर्म पाठवला. माणसाले त्याच्या कामात प्रेरणा कशाची असते, हा तुझ्या कॉलेजचा अभ्यास, अन् बाजारातले दहा कामकरी माणसं पकडून त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे, हे काम माझ्याकडे. प्रेरणा हा शब्द मी शेवटचा ऐकला तो शाळेच्या बक्षीस समारंभात, अन् बक्षीस तेव्हाही दुसऱ्याले होतं. पण म्हटलं, मुखरूची पोरगी एवढी शिकून राह्यली, आपण मागे सरायचं नाई. पहिला प्रश्न: तुमच्या कामामागची मुख्य प्रेरणा कोणती? खाली चार चौकटी. पैसा, मान, नोकरीची शाश्वती, प्रगतीची संधी. एकच निवडायची. पाचवी चौकट आहे काय म्हणून मी फॉर्म वर सरकवला, खाली सरकवला, मोबाईल आडवा केला, नाईच. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, या प्रश्नाले मी 'दुकानात' असं उत्तर दिलं. आणखी कुठी पाहणार? अन् सातवा प्रश्न असा होता: गेल्या महिन्यात सांगितलेल्या कामापेक्षा जास्त असं तुम्ही काही केलं काय? सविस्तर लिहा. या सातव्या प्रश्नानं माझा घात केला आहे, दिव्यानी. पण तेही खाली.

सकाळचं दुकान बंद ठेवून मी फिरलो. (लोहारकाम, वेल्डिंग, कुऱ्हाडी-विळ्याले धार, दांडे बसवणे. पाटी तुले माहीतच आहे, तिच्यावरचं 'वेल्डिंग' मीच पत्र्यात कापलं.) पहिला पकडला तो चैतू. लाकडाच्या डेपोत ओंडक्यांच्या थप्प्या लावते. प्रेरणा काय म्हणून विचारलं तर म्हणाला, पैसा, दुसरं काय, अन् माझ्याच बोटानं त्यानं टिक करवली. मग बोलता बोलता उठला. थप्पीतल्या एका ओंडक्याचं तोंड दोन बोटं पुढं आलं होतं, ते त्यानं लोखंडी सब्बलीनं मागे सारलं, दहा पावलं दूर गेला, एक डोळा मिटून पाह्यलं, परत येऊन अजून अर्धं बोट सारलं, अन् घाम पुसत बसला. मी म्हटलं, याचे तुले कोणी पैसे देते काय? तर म्हणे, नाई, पण डोळ्याले खुपते. आता या डोळ्याले खुपण्याची चौकट तुझ्या फॉर्मात कुठी आहे ते सांग. पोचूभाऊनंही पैसाच सांगितला. हाच पोचूभाऊ झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाले त्याच्या गावाच्या फाट्यावर नाव घेऊन उठवते, अन् पिशवी खाली उतरवून देऊनच घंटी मारते. सुलतानाले विचारलं, तर शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, पैसा लिहा, अन् तो मिळत नाई हेही लिहा. ती तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उसवून राह्यली होती. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं होतं, हिनंच चार घरं चालत जाऊन तो ब्लाउज परत आणला, कारण बाही मनासारखी बसली नोहती. दुपारपर्यंत आठ फॉर्म झाले, अन् आठही पैशावर. मले वाटलं, आपलं गाव लय रोखठोक आहे. नववा मी अन् दहावी साधनाबाई, असं मनाशी ठरवून मी दुकान उघडलं.

साधनाबाई म्हणजे आमची वनरक्षक, लोक गार्ड मॅडम म्हणतात. बत्तीसेक वर्षांची, तुझ्यासारखीच धानाच्या घरची. रोज दहा-बारा किलोमीटर जंगल पायानं पाहते. कापलेल्या सागाच्या प्रत्येक ओंडक्यावर गार्ड आपल्या हातोड्याचा ठसा मारते. ठसा असला तर माल सरकारी, नसला तर चोरीचा. तो हातोडा दिसायले एवढासा, पण गार्डचा जीव त्यात असते. हरवला तर नोकरीवर बेतते, दुसऱ्याच्या हातात दिला तरी जाब द्यावा लागते. तर बुधवारी चारच्या सुमारास साधनाबाई तो हातोडा फडक्यात गुंडाळून घेऊन आली. दांडा हलून राह्यला होता, अन् गुरुवारी सकाळी ट्रक भरायचा होता. रीतीनं दुरुस्त करवायचा तर अर्ज, अर्जावर शेरा, तोवर आखाड लागते. ती म्हणाली, काका, फक्त दांडा बसवून द्या, मी इथीच बसते, हातोडा माझ्या नजरेआड जायचा नाई. हे तिनं दोनदा सांगितलं. दोनदा, हे लक्षात ठेव.

मी धावड्याच्या लाकडाचा दांडा काढला (कुठून आणला ते विचारू नको, पावती आहे), तासला, बसवला, पाचर ठोकली. अर्ध्या तासात काम खतम. तिथंच हातोडा तिच्या हातात दिला असता तर आज मी तुले मेसच्या वरणाबद्दल दोन पानं लिहिली असती. पण पाचर ठोकताना हातोडा उलटा झाला, अन् त्याचं तोंड मले दिसलं. एक गोल, गोलात दोन अक्षरं, खाली तेवीसचा आकडा. काय दशा झाली होती बाप्पा. अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत, गोल एका बाजूनं बसलेला, अन् तीनचं शेपूट तर तुटूनच गेलेलं. चैतूले दोन बोटं खुपतात, मले हे खुपणार नाई काय? माझ्या वडिलांनी मले ठशाचं अक्षर उलटं कोरायले शिकवलं तेव्हा मले सुलटं लिहिता येत नोहतं. या तालुक्यातल्या किती लग्नांच्या भांड्यांवर माझ्या हातची नावं आहेत त्याची गणती नाई. आता सगळं मशीनवर. टर्र टर्र करते अन् वीस रुपयांत अख्खं खानदान लिहून देते. अकरा वर्षं झाली, माझी बारीक छिन्नी डब्यात पडून आहे. मी तिले अधूनमधून तेल देतो, म्हाताऱ्या बैलाले कोणी उगाच कुरवाळावं तसं.

मी सुलतानाले हाक मारली, म्हटलं मॅडमले आत चहा दे, उन्हातून आल्या आहेत. सुलतानाले एवढं पुरते. तिनं चहा दिला, मग चिवडा दिला, मग म्हणाली खाकी शर्ट पाठीत ओढते तुमचा, माप देऊन ठेवा. दीड तास. मी मुद्दाम केलं काय? हो, मुद्दाम केलं. तिले विचारलं असतं तर ती नाई म्हणाली असती, अन् मले नाई ऐकायचं नोहतं. गोलाच्या कडेची जमीन छिन्नीनं खाली नेली, अक्षरं उभी केली, कानशीनं धार दिली. तीनच्या शेपटाच्या जागी पितळेचा एक थेंब जोडला अन् त्यातून नवं शेपूट काढलं, तांदळाच्या दाण्याएवढं. हात जरासाही कापला नाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी. मग तोंडाले तेल लावलं, फडकं बांधलं, अन् बाहेर येऊन शहाण्यासारखा बसलो. तिनं ऐंशी रुपये दिले, दांड्याचे. अक्षरांचं मी बोललोच नाई. उद्या पहिल्या ओंडक्यावर ठसा पडेल तेव्हा तिले आपोआप दिसंल, असा माझा विचार. ती गेली साडेसहाले, अन् सातले मी माझा फॉर्म भरायले बसलो. सातव्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब झालं.

गुरुवारी सकाळी तिनं बेचाळीस ओंडक्यांवर ठसे मारले. ट्रकवाला मागून भोंगा वाजवून राह्यला होता, मजूर खोळंबले होते. तिले ठसा साफ पडतो आहे एवढं वाटलं, काकानं मळ काढला असंल म्हणून तिनं पुढचा ओंडका घेतला. दुपारी माल डेपोत उतरला. तिथी तपासणारा माणूस जुना. प्रत्येक गार्डच्या हातोड्याचा नमुना रजिस्टरात असते, अन् साधनाबाईचा तेवीस तो झोपेतही ओळखते, कारण तीनले शेपूट नाई. अन् इथी बेचाळीसच्या बेचाळीस ओंडक्यांवर शेपटासकट तीन. त्यानं हात वर केला अन् गाडी थांबवली. हा हातोडा मॅडमचा नाई म्हणाला. त्याचं काही चुकलं नाई, मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

आता याचा अर्थ काय होतो ते पाह्य. कोणीतरी बनावट हातोडा करवून घेतला, चोरीच्या सागावर मारला, अन् खरा हातोडा कुठी दडवला. कोणी? ज्याच्या हातात होता त्यानं. हातोडा सील झाला, बेचाळीस ओंडके बाजूले पडले, अन् साधनाबाईले कागद मिळाला की मंगळवारी अकरा वाजता चौकशीले हजर राहा, तोवर लेखी खुलासा द्या. लोक तर लोकच. जिनं दोन वर्षांत चोरीच्या सागाच्या तीन गाड्या पकडल्या, तिच्याबद्दल पानठेल्यावर लोक म्हणून राह्यले की एवढी कडक होती ती उगाच नाई. तिची नोकरी गेली तर ती एकटी जात नाई, दिव्यानी. घरी सासरा आहे, त्यानं पहिल्या दिवसापासून म्हटलं होतं की बाईमाणसानं जंगलात फिरू नये, अन् तिची पोरगी चौथीत आहे, ती शाळेत सांगते की माझी आई गार्ड आहे. अन् या सगळ्यातली मेख ही की मी काम जेवढं चांगलं केलं, तेवढा तिचा गुन्हा मोठा दिसून राह्यला. कच्चं केलं असतं तर खाडाखोड म्हणून सुटली असती. चौकशीचे साहेब म्हणे ठसा पाहून बोलले, की हे गावठी काम नोहे, हे बाहेरच्या पक्क्या कारागिराकडून करवलेलं आहे. (चैतूनं हे येऊन सांगितलं तेव्हा मी छिन्नीचा डबा ऐरणीमागे सारला, अन् त्याच वेळी छाती जराशी फुगली. असा मी हलकट माणूस आहे.)

काल, शुक्रवारी, वनखात्याचे राउंड ऑफिसर दोन माणसं घेऊन दुकानात आले. साधनाबाई बाहेर जीपजवळ उभी होती. तिनं खुलाशात लिहून दिलं होतं की दांडा रफीकभाऊंकडे बसवला अन् दीड तास हातोडा नजरेआड झाला, ही माझी चूक. तिनं लपवलं काही नाई. साहेबांनी मले सीधं विचारलं, तुम्ही या हातोड्याले काय केलं? दिव्यानी, तीस वर्षं मी लोकायले सांगत आलो की माणसानं केलेलं काम कबूल करावं. मी ऐरणीकडे पाह्यलं. मले दुकान दिसलं, कुलूप दिसलं, सुलताना दिसली, सरकारी ठसा बनवला म्हणून हातात बेडी दिसली. मी म्हटलं, दांडा बसवला साहेब. खोटं नाई हे, पाह्य. दांडा तर बसवलाच होता. साहेबांनी ते लिहून घेतलं अन् माझी सही घेतली. जाताना साधनाबाई दोन पावलं दुकानाकडे आली, अन् माझ्याकडे न पाहता, ऐरणीकडे पाहत बोलली.

"काका, मी फक्त दांडा म्हटलं होतं."

बस, एवढंच. रागानं नाई बोलली. मग जीपमध्ये बसून गेली. तेव्हापासून मी भट्टी पेटवली नाई. सुलताना विचारते तब्येत बरी नाई काय, मी म्हणतो पित्त झालं.

तू मॅनेजमेंट शिकून राह्यलीस, तर मले एक समजावून सांग. मी केलं काऊन? कोणी सांगितलं नोहतं, कोणी पैसे देणार नोहतं, कोणाले कळणारही नोहतं. मी दोन दिवस विचार करून राह्यलो, अन् चारही चौकटीत बसून पाह्यलं, माझा पाय बाहेर राहते. मले वाटलं होतं की मी तिच्यासाठी केलं. तिले असा झिजका हातोडा घेऊन फिरायची लाज वाटत असंल, असं मीच ठरवलं अन् मीच दूर केली. तिले विचारलं कुठी? मी तिच्या हातोड्यावर माझं काम केलं. असो. कागद संपत आला. तुझ्या परीक्षेसाठी दुवा करतो. सकाळी उपाशी पोटी चहा पीत जाऊ नको, अन् मुखरूले म्हणा गुडघ्याले तेल लाव. लहानग्यांना पापा, मोठ्यांना नमस्कार, अन् पत्र वाचून झाल्यावर उशीखाली न ठेवता पेटीत ठेव.

तुझाच,
रफीककाका

ता. क. खरं काम राहूनच गेलं. माझा तो फॉर्म आजच्या आज उडवून टाक. सातव्या प्रश्नाखाली मी काय लिहिलं ते तू वाचलंच असशील, तरी आठवण देतो: 'आज एका सरकारी हातोड्याची झिजलेली अक्षरं अन् तुटलेलं शेपूट असं काही नवं केलं, की सरकारच्या कारागिरानं येऊन शिकून जावं. ज्यांचा हातोडा त्यांना सांगितलं नाई. उद्या ठसा मारतील तेव्हा त्यांचा चेहरा पाहायची लय इच्छा होती, पण दुकान सोडता येत नाई.' खाली माझं पूर्ण नाव, गाव, मोबाईल नंबर. एवढा पक्का कबुलीजबाब पोलिसालेही कधी मिळत नसंल. तू म्हणाली होतीस की फॉर्म भरल्याची तारीख अन् वेळ त्यावर आपोआप पडते. ती पडली असंल. तू उडव, कोणाले विचारू नको, अन् तुझ्या सरांले दहाच्या जागी नऊ लोकं दाखव. आठच दाखव, साधनाबाईचा फॉर्म भरायचा राहूनच गेला. एवढं काम कर. म्हातारपणी काकाले जेलचं वरण खाऊ घालू नको.

ता. क. दुसरा, रविवार सकाळ. वर म्हटलं तसा फॉर्म उडवू नको. पाकीट चिकटवून मी बसस्टँडकडे निघालो, तर रस्त्यात साधनाबाई भेटली. जंगलातूनच येत होती, पायात चिखल, हातात काठी. हातोडा सील आहे, चौकशी चालू आहे, अन् ही आपली बीट, म्हणजे तिच्या वाट्याचं जंगल, पाहून आली. मी विचारलं, आज रविवारी कशाले गेली होती? तर म्हणाली, काल त्या नाल्याजवळ कुऱ्हाडीचा आवाज आला होता म्हणे. मग काठी जमिनीत रोवून तीच बोलली. ते शेपूट तिच्याच हातानं तुटलं होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ठसा ओंडक्यावर मारताना हातोडा खाली दगडावर बसला म्हणून. सगळे हसले होते. तिनं स्वतः अर्ज लिहून ते रजिस्टरात नोंदवलं, अन् तेव्हापासून तोच तिचा तेवीस. मी विचारलं, साहेबांले तुम्ही सांगितलं काऊन नाई, की हे काकाचं काम आहे? तुम्हाले तर ठसा पाहूनच कळलं असंल. ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबली. अन् निघता निघता म्हणाली:

"ठसा लय सुंदर झाला होता काका. पण तो माहा नोहता."

मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो. अठ्ठावन्न वर्षांत माझ्या कामाची एवढी तारीफ कोणी केली नाई, अन् एवढं वाईटही कोणी बोललं नाई. ती पुढं गेली, मी पाकीट फाडून हे लिहून राह्यलो. तर आता असं कर. तो फॉर्म जसाच्या तसा, तारीख-वेळेसकट कागदावर काढ. बुधवारी संध्याकाळी सातला मी लिहिलं आहे, अन् माल पकडला गुरुवारी दुपारी. मतलब कोणाले काही माहीत होण्याआधी मी स्वतः लिहून बसलो होतो की ज्यांचा हातोडा त्यांना सांगितलं नाई. आता मी नुसतं तोंडानं कबूल केलं तर साहेब म्हणतील बाईले वाचवायले आला. हा कागद असला तर तसं म्हणता येत नाई. हातोडा नजरेआड केला एवढी तिची चूक राहील, त्याची जी शिक्षा असंल ती भोगायले साधनाबाई तयार आहे. बनावटीचं माझ्या नावावर. सुलतानाले आता सांगून टाकलं. ती रडली नाई, ती मशीनवर बसली अन् माझा चांगला शर्ट काढून त्याचं बटण पक्कं करून राह्यली, मंगळवारसाठी.

ता. क. तिसरा, अन् यातच माझी सगळी लाज आहे. पहिल्या प्रश्नाले माझी टिक कुठी आहे ते तू पाह्यलं असशील. पैशावर. आठ लोकायनं पैसा सांगितला होता, मी एकट्यानं दुसरं काय सांगू, दुकानदार माणूस येडा दिसतो, म्हणून मीही तिथंच बोट ठेवलं. आता चौकशीचे साहेब तो कागद वाचतील, वर प्रेरणा पैसा, खाली सरकारी ठसा, अन् पहिला प्रश्न विचारतील की किती घेतले अन् कोणाकडून. तू म्हणशील काका, मी ती टिक बदलून देते. नको. एक जागा बदलली की सगळा कागद खोटा होते, हे मले या हातोड्यानं चांगलंच शिकवलं. टिक तशीच राहू दे, त्याचं जे होईल ते मी पाहून घेईन. पण अक्षरांचे एक पैसाही न घेणारा माणूस पैशावर टिक काऊन करते, हे मले साहेबांले समजावून सांगता येणार नाई. ते तुझ्या अभ्यासातलं आहे. म्हणून कागद पोचूभाऊकडे पाठवू नको, सोमवारच्या गाडीनं तो घेऊन तूच ये. डेपोच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताले ते बेचाळीस ओंडके बाजूले ठेवले आहेत, चैतूनं त्यांचीही तोंडं एका रेषेत लावली आहेत. वरून तिसऱ्यावरचा ठसा सगळ्यात साफ पडला आहे असं तो म्हणते. आधी तेवढा पाहून ये, अन् मग मले काय बोलायचं ते बोल.